भारतीय स्मारक नाणी : ऐतिहासिक साधन की गुंतवणूक?

प्रस्तावना :

नाणे हे इतिहासाचे प्राथमिक साधन मानले जाते. राजसत्ता, धातू, लिपी, कला आणि व्यापार यांची साक्ष एका लहानशा चकतीवर मिळते. स्वातंत्र्योत्तर काळातील स्मारक नाण्यांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून कमी आणि ‘उद्या भाव वाढेल’ अशा अपेक्षेने अधिक पाहिले जाते. जुन्या पेटीतील एखादे नाणे लाखो रुपये मिळवून देईल, ही समजूत शहरांप्रमाणेच खेड्यांतही पसरली आहे. या समजुतीला ऐतिहासिक आधार कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्मारक नाण्यांची परंपरा :

पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये १ रुपया व ५० पैशांची नाणी काढण्यात आली. स्वतंत्र भारतातील स्मारक नाण्यांचा प्रारंभ येथून होतो. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १० रुपयांचे चांदीचे नाणे पाडण्यात आले. त्याचे वजन १५ ग्रॅम असून त्यात ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी होती. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेशी निगडित नाण्यांवर ‘सर्वांसाठी अन्न’, ‘अधिक धान्य पिकवा’ यांसारखे संदेश आले. अन्नटंचाई, लोकसंख्या आणि विकास यांविषयी शासनाची तत्कालीन चिंता या नाण्यांवरून स्पष्टपणे वाचता येते.

धातूचा इतिहासही तितकाच बोलका आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये निघालेले १० रुपयांचे नाणे सुमारे २२ ग्रॅम वजनाचे होते. परंतु त्यातील चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले होते. नाणे आकाराने वाढले, तरी त्यातील चांदी किंचित कमीच झाली. १९७४ मध्ये १० रुपयांचे स्मारक नाणे ताम्र-निकेलचे झाले आणि चांदीसाठी ५० रुपयांचे वेगळे नाणे काढावे लागले. दर्शनी मूल्य आणि धातूचे मूल्य यांचे नाते कसे सुटत गेले, हे या पाच वर्षांतील नाण्यांवरून दिसून येते.

मूल्याचे तीन घटक :

स्मारक नाण्याची किंमत दर्शनी मूल्य, धातूचे मूल्य आणि संग्राहकांची मागणी या तीन घटकांवर ठरते. पैकी दर्शनी मूल्य कधीही वाढत नाही.

धातूचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. १९६९ मध्ये १० रुपये वार्षिक ७ टक्के चक्रवाढ दराने गुंतवले असते, तर ५० वर्षांत त्यांचे सुमारे २९५ रुपये झाले असते. ९ टक्के दराने सुमारे ७४४ रुपये. उलट गांधी नाण्यातील १२ ग्रॅम चांदीची किंमत, किलोला ५०,००० रुपये भाव धरल्यास ६०० रुपये, तर १ लाख रुपये धरल्यास १,२०० रुपये होते. हा लाभ मुख्यतः चांदीचा आहे, स्मारकाचा नव्हे. शिवाय चांदीचा भाव स्थिर नसतो. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचलेली चांदी मार्चअखेर ११ डॉलरपर्यंत घसरली होती. नाणे वितळवून चांदी विकण्याचा मार्गही खुला नाही. नाणे वितळवणे वा नष्ट करणे यास नाणे अधिनियम, २०११ नुसार मनाई आहे.

तिसरा घटक दुर्मिळतेचा. छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपयांचे आणि संत ज्ञानेश्वरांचे १ रुपयाचे नाणे (दोन्ही १९९९) चलनातच आले. अशी नाणी मोठ्या संख्येने पाडली जातात, त्यामुळे ती दुर्मिळ होत नाहीत. याउलट टांकसाळीचे विशेष संच संग्राहकांसाठीच असतात. ते दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किमतीस घेतले जातात आणि जवळजवळ प्रत्येक खरेदीदार ते जपून ठेवतो. जुनी नाणी दुर्मिळ झाली ती वापरात झिजल्यामुळे, हरवल्यामुळे किंवा वितळवली गेल्यामुळे. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मिळ होण्यास फार काळ लागतो.

याचा अनुभव अमेरिकेने पूर्वीच घेतला आहे. १९३६ मध्ये तेथे स्मारक अर्ध-डॉलरची लाट आली होती. सिनसिनाटीच्या संगीत-परंपरेच्या नावाने तीन टांकसाळींतून प्रत्येकी सुमारे ५,००० नाणी पाडण्यात आली आणि तीन नाण्यांचा संच ७.७५ डॉलरला विकण्यात आला. सट्टेबाजीने भाव चढले. पण लवकरच हा फुगा फुटला आणि उशिरा खरेदी करणाऱ्यांना नुकसान सोसावे लागले.

समज आणि फसवणूक :

वैष्णोदेवीची प्रतिमा असलेल्या २०१२ च्या ५ व १० रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ही अफवा वारंवार उठते. जुन्या नाण्यांना मोठी किंमत देण्याचे आमिष दाखवून आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जातो. अशा व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. नाणे विकण्यापूर्वीच पैसे भरण्याची मागणी होणे, हीच फसवणुकीची मुख्य खूण होय. या फसवणुकीत बळी जातो तो नाणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे, तर अडचणीच्या वेळी घरातील जुने नाणे बाहेर काढणारा सामान्य माणूस.

दुसरे नुकसान नकळत होते. विक्रीपूर्वी नाणे चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत केले जाते. त्यामुळे मूळ पृष्ठभाग नष्ट होऊन संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत घटते आणि अभ्यासकासाठीही पुरावा पुसला जातो.

समारोप :

स्मारक नाण्यांचा संग्रह ही सर्वसाधारण कुटुंबासाठी भरवशाची गुंतवणूक ठरत नाही. चांदीच्या नाण्यांना धातूचा आधार असतो. काही मोजक्या नाण्यांना खरी दुर्मिळता लाभते. परंतु ती ओळखण्यास टांकसाळीचे चिन्ह, पाडलेली संख्या आणि नाण्याची स्थिती यांचे ज्ञान आवश्यक असते. व्याज वा लाभांश नाण्यापासून मिळत नाही आणि विक्रीच्या वेळी व्यापाऱ्याचा नफा वजा होतो. २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेल्या ३५ ग्रॅम वजनाच्या, ५० टक्के चांदीच्या ७५ रुपयांच्या नाण्यालाही हेच निकष लागू पडतात. तथापि, एका प्रजासत्ताकाने कोणाला आणि कशाला स्मरणीय मानले, याची सलग नोंद १९६४ पासूनच्या या नाण्यांत सापडते. बाजारभाव काहीही असो, संग्राहकाने नाण्यासोबत त्याची माहितीही जपल्यास ही नोंद पुढील पिढीच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल.