अखायन संघाचे रुपे आणि विकलेली माणसे

ग्रीसचा इतिहास शिकवताना आम्ही मास्तर मंडळी बहुधा अथेन्सपाशीच थांबतो. पुढच्या काळात दक्षिणेकडील पेलोपनीस द्वीपकल्पात अनेक नगरांनी मिळून एक राज्यसंघ चालवला, हे विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडते. इ. स. पूर्व २८० मध्ये चार लहान नगरांनी अखायन संघ पुन्हा उभारला. २५१ मध्ये सिक्योन त्यात आले, २४३ मध्ये कॉरिंथ.

या संघाचे चांदीचे नाणे म्हणजे अर्धा द्राख्मा, सुमारे अडीच ग्रॅम वजनाचा. एका बाजूस झ्यूस देवाचे मुख. दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात संघाच्या नावाची पहिली दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली. नगराची ओळख फक्त बारीक खुणेपुरती : कॉरिंथचा पंखांचा घोडा, मेगालोपोलिसचा पावा, स्पार्टाच्या जुळ्या देवांच्या टोप्या. नगर थोरले असो की धाकटे, नाण्यावर मान सारखाच.

याच संघातला इतिहासकार पॉलिबियस अभिमानाने सांगतो, की कायदे, वजने, मापे, नाणी सर्वांची एक होती; सबंध पेलोपनीसचे एकच नगर व्हायला भोवतीचा तट तेवढा उणा होता. समतेचे आणि लोकसत्तेचे इतके निर्मळ रूप दुसरीकडे सापडणार नाही, असेही तो म्हणतो.

पण ही समता कोणाची? नगरानगरांची होती. माणसामाणसांची नव्हती.

स्पार्टात नाबिस याने अनेक गुलामांना मुक्त करून नागरिक केले होते. पॉलिबियस त्याला क्रूर जुलमी म्हणतो, आणि तो क्रूर होताही. १९२ मध्ये त्याचा खून झाला आणि स्पार्टा संघात ओढले गेले. १८८ मध्ये संघाचा सेनापती फिलोपोइमेन याने या नव्या नागरिकांना स्पार्टा सोडण्याचा हुकूम दिला. जे हलले नाहीत असे सुमारे ३,००० जण पकडून विकले. त्या पैशातून मेगालोपोलिसात, म्हणजे फिलोपोइमेनच्या स्वतःच्या गावी, खांबांची ओसरी बांधली गेली. पॉलिबियसचे गावही तेच.

इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमशी निर्णायक लढाईची वेळ आली तेव्हा मात्र संघाला गुलाम आठवले. सेनापती डायअस याने घरात जन्मलेले १२,००० गुलाम मुक्त करून त्यांच्या हाती शस्त्रे देण्याचे फर्मान काढले. संघ हरला, कॉरिंथ बेचिराख झाले. मुक्त होऊन लढलेल्यांपैकी जे जिवंत उरले, त्यांना रोमन सेनापती मुम्मिअस याने पुन्हा विकले. मालक बदलले, बाजार तोच राहिला.

हे नाणे वर्गात जरूर दाखवावे. नगरांनी बरोबरीने एकत्र येणे ही लहान गोष्ट नाही. पण त्याच तासाला ते ३,००० आणि ते १२,००० सांगितले पाहिजेत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. संख्या तेवढी राहिली, कारण एकदा त्यांचे पैसे झाले होते आणि एकदा त्यांचे सैन्य व्हायचे होते.