तंजावूरच्या ग्रंथभांडाराचे राखणदार

तंजावूरचे नाव निघाले की मराठी वाचकाला बृहदीश्वराचे शिखर आठवते, सोन्याचा वर्ख लावलेली देवादिकांची चित्रे आठवतात, आणि पंगतीत कोणी रसिक असला तर संभाजीराजांशी जोडलेली सांबाराची दंतकथाही निघते. त्या कथेला इतिहासाचा आधार नाही; तरी ती सांगणाऱ्यांचा उत्साह कमी होत नाही. या नगराचे खरे कर्ते पुरुष, आणि एक कर्ती स्त्रीही, भेटतात ती राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महालात. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या या ग्रंथभांडाराला भोसल्यांनी वाढविले. राज्य गेले, तरी ग्रंथ राहिले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. त्यांचे पुत्र शहाजीराजे (1684–1712) हे स्वतः नाटककार होते. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधील सांगलीच्या प्रयोगाच्या सुमारे दीड शतक आधीचे आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगलीपासून सांगण्याची आपल्याला सवय जडली आहे. कावेरीकाठच्या या नाटकाची पोथी जतन झाली नसती, तर ती सवय चुकीची आहे हे सांगायलाही पुरावा उरला नसता.

पण ग्रंथभांडाराला आजचे वैभव दिले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी (1777–1832). तुळजाराजांनी 1787 साली दत्तक घेतलेल्या या मुलाचा वारसा अमरसिंहाने हिरावला. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि 1798 मध्ये त्यांना गादी मिळाली. लगेच पुढल्या वर्षी, 1799 च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांच्या वाट्याला किल्ला व त्याचा परिसर, वर्षाला एक लाख पागोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. फौजफाटा नाही, मोहीम नाही, न्यायनिवाड्याचा अधिकारही किल्ल्यापुरताच. असे निर्वीर्य वैभव लाभलेले संस्थानिक त्या काळात थोडे नव्हते, आणि त्यांतील अनेकांनी ते शिकारीत व रंगमहालात घालविले. सरफोजीराजांनी त्या उत्पन्नातून पंडित पोसले, पोथ्यांच्या नकला करविल्या, युरोपातून छापील पुस्तके मागविली. 1820 साली सुरू झालेल्या काशीयात्रेतून परतताना त्यांच्याबरोबर संस्कृत हस्तलिखिते आली, तशीच गंगेच्या घाटांची चित्रेही आली. ‘धन्वंतरी महाल’ या त्यांच्या वैद्यकशाळेत नेत्ररोग्यांची लक्षणे व उपचार चित्रांसह टिपून ठेवले जात. औषध देऊन मोकळे न होता रोग्याचा कागद सांभाळणारा हा राजा होता.

1805 साली त्यांनी राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय सुरू केले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले तेही त्याच वर्षी. पुण्यात तेव्हा पेशवाई नांदत होती, पण मराठी ग्रंथ तेथे छापले जात नव्हते. तंजावूरच्या या छापखान्यातून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. इसापनीतीचा हा मराठी अनुवाद सख्खण पंडित यांचा. त्याआधी 1803 मध्ये बाबूराय यांनी रचलेले भोसले घराण्याचे चरित्र बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरले गेले होते. राजराज चोळाच्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, मराठी मजकुराची ही प्रदीर्घ रांग आजही उभी आहे.

खरी कसोटी पुढे आली. सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली पुरुष वारस न ठेवता वारले. कंपनीने राज्य खालसा केलेच, शिवाय राजवाडा आणि राजाची खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनीवर दावा लावला, आणि तो जिंकला! विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने 1859 मध्ये निकाल फिरविला. सार्वभौम सत्तेने केलेल्या कृत्याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही, असे कारण देण्यात आले. जप्ती न्याय्य होती, असे म्हणणे मात्र न्यायाधीशांनाही जमले नाही. 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता परत दिली. एका विधवा राणीचे नाव या खटल्यामुळे कायद्याच्या ग्रंथांत कायमचे गेले. तिच्या माहेरच्या भाषेत, मराठीत, तिचे चरित्र क्वचितच कोणी सांगितले, हे खेदाचे आहे.

ग्रंथ राजवाड्यातच राहिले. तंजावूरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती 1880 मध्ये प्रसिद्ध झाली आणि युरोपातील पंडितांना या भांडाराचा अंदाज आला. 1918 मध्ये ते सार्वजनिक ग्रंथालय झाले. राजघराण्याबरोबरच गावातील सामान्य गृहस्थांचीही यात देणगी आहे: जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांचे घरगुती पोथीसंग्रह सरस्वती महालात आले. पिढ्यान् पिढ्या देवघरात पुजलेल्या पोथ्या परक्या कपाटात ठेवायला देणे सोपे नसते.

राजवाड्यातील मोडी दफ्तराचे रुमाल मात्र अजून पुरते बोललेले नाहीत. त्यांत आचाऱ्याचा पगार आहे, नर्तकीला दिलेले वस्त्र आहे, अन्नछत्राचा रोजचा तांदूळ आहे. दक्षिणेच्या सामाजिक इतिहासाचा कच्चा माल तो हाच. 1981 मध्ये स्थापन झालेल्या तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांतील निवडक भागाचे तमिळ भाषांतर करून घेतले. त्यामुळे तमिळ अभ्यासक आज जे वाचू शकतो, ते मोडी न शिकलेला पुण्या-मुंबईचा मराठी अभ्यासक वाचू शकत नाही. घरी जुन्या वळणाची मराठी आणि बाजारात तमिळ बोलणाऱ्या तंजावूरकर मराठी कुटुंबांतूनही मोडी सुटत चालली. जे थोडे पंडित ग्रंथालयाच्या मेजावर एकेक रुमाल सोडून, काळवंडलेल्या शाईतील अक्षरे जुळवीत बसतात, त्यांची नावे सूचीच्या प्रस्तावनेपलीकडे जात नाहीत. एक रुमाल वाचून संपायला कित्येक महिने लागतात. मग तो बांधून पुन्हा फळीवर जातो आणि पुढचा उतरविला जातो.