भिडेवाड्याच्या जागी काय उभे राहणार?

४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुणे महापालिकेने बुधवार पेठेतील भिडेवाडा ताब्यात घेऊन पाडला. सकाळ झाली तेव्हा दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर, मातीचा आणि मोडक्या लाकडांचा ढिगारा पडला होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच वाड्यात मुलींची शाळा काढली. ढिगारा पाहणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी होते, तर स्मारकाचा मार्ग अखेर मोकळा झाला म्हणून काहींनी आनंद केला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पण भावनेपाशी थांबून इतिहास कळत नाही.

वाडा एका रात्रीत पडला असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो कित्येक वर्षे पडतच होता. खाली दुकाने चालू होती आणि वरचा मजला कुजत होता. मालकी, भाडेकरू, भूसंपादन आणि मोबदला यांचा वाद तेरा वर्षे न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा महिन्याभरात रिकामी करण्यास सांगितले, तेव्हा त्या वाड्यात जतन करावे असे फारसे उरले नव्हते. यात भाडेकरूंनाच खलपुरुष ठरविणे बरोबर नाही. पोटाचा प्रश्न घेऊन न्यायालयात जाणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न त्यांच्या आधीचा आहे. ही वास्तू जपण्याजोगी आहे, हे या शहराला शंभर-सव्वाशे वर्षे का वाटले नाही?

उत्तरासाठी फार लांब जावयास नको. काही मिनिटांच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. १८२८ च्या आगीत तो आतून जळून गेला. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच आहे, तरीही तो संरक्षित वास्तू म्हणून उभा आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडाही जवळच आहे. त्याची डागडुजी झाली, त्याचा लाकडी दर्शनी भाग लोक कौतुकाने पाहतात. या वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी आणि दक्षिणेच्या पैशातून. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने जोतीरावांचा शैक्षणिक कार्याबद्दल सत्कार केला. हे वाडे जपले यात काही गैर नाही. परंतु सत्तेचे अवशेष जळल्यावरही जपले जातात आणि ज्ञानाचे दार उघडणारी जागा उभी असताना कुजू दिली जाते, तेव्हा त्या दुर्लक्षाला योगायोग म्हणता येत नाही. वारसा म्हणजे काय हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती राहिला, त्यांच्या स्मृतीचा तो नकाशा आहे.

आता त्या जागेवर स्मारक होणार आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. म्हणून आता विचारले पाहिजे की या स्मारकात कोणता इतिहास सांगितला जाणार?

‘देशातील पहिली मुलींची शाळा’ एवढे एक वाक्य संगमरवरावर कोरून मोकळे होण्याचा मोह मोठा आहे. पण मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्यापूर्वी होत्या. बंगालमध्ये बारासात येथे १८४७ साली तेथील लोकांनीच मुलींची शाळा काढली होती. भिडेवाड्यातील शाळेची १ जानेवारी ही तारीख रूढ आहे. काही अभ्यासक ऑगस्ट १८४८ मानतात. यामुळे फुले दांपत्याचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. ते मोठेपण पहिल्या क्रमांकात नाहीच. ज्यांना शिकण्याचा अधिकार धर्माने नाकारला होता, त्या शूद्र जातीतील एक तरुण आणि त्याची पत्नी पेशवाईच्या राजधानीत, पेशवाई बुडून तीस वर्षे झाली असताना, शिक्षक म्हणून उभी राहिली. सावित्रीबाईंनी शेण आणि शिव्या झेलल्या. १८४९ साली दोघांना घर सोडावे लागले. मोठेपण या किमतीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भिडेवाड्यातील पहिल्या विद्यार्थिनी म्हणून ज्या सहा मुलींची नावे सांगितली जातात, त्यांत अस्पृश्य समाजातील एकही नाही. फुल्यांचे काम तेथे थांबले असते तर ते आपल्यापर्यंत पोहोचले नसते. ते थांबले नाही. अस्पृश्यांच्या मुलांमुलींसाठी त्यांनी शाळा काढल्या. त्यांपैकी एक १८५२ साली वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत सुरू झाली. १८५३ साली महार, मांग आदी लोकांना विद्या शिकविण्यासाठी मंडळी स्थापन केली. या शाळा कोणत्या घरात भरत, हे आज त्या पेठेतून जाणाऱ्याला ठाऊक नसते. भिडेवाडा निदान पाडण्यासाठी तरी शिल्लक होता. आमच्या शाळांच्या भिंती कधी गेल्या याची कोणी नोंदही घेतली नाही.

तरी त्या शाळांचा एक पुरावा काळाला पुसता आला नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा प्रश्न तिने रोखठोक विचारला. आणखी एक गोष्ट तिने लिहून ठेवली. आम्हां गरीब मांगमहारांना हाकून त्यांच्या जागेवर इमारती बांधल्या गेल्या, आणि शेंदूर घातलेले तेल पाजून आमच्या लोकांना त्या इमारतींच्या पायात पुरले गेले, असे ती सांगते. अक्षरओळख होऊन थोडीच वर्षे झालेल्या मुलीने शहरातल्या भव्य वास्तूंकडे पाहून त्यांच्या पायाखाली कोण आहे, हे विचारले होते.

नव्या इमारतीसाठी पाया खणताना हा प्रश्न विसरता येणार नाही. स्मारक झाले पाहिजे, यात वाद नाही. पण नुसता पुतळा, काचेच्या पेटीतील वस्तू आणि जयंतीच्या दिवशी हारांचे ढीग एवढेच तेथे राहिले, तर दुर्लक्षित वाड्याच्या जागी एक सजविलेले दुर्लक्ष उभे राहील. तेथे शिकणे चालू राहावे. पेठांतल्या कष्टकरी घरांतील मुलींना संध्याकाळी बसून अभ्यास करता येईल अशी जागा तेथे असावी, ग्रंथालय असावे, फुल्यांच्या सगळ्या शाळांचा नकाशा भिंतीवर असावा. आणि प्रवेश करताच मुक्ताचा निबंध पूर्ण वाचावयास मिळावा. तो कोपऱ्यात नको.

भिडेवाडा गेला, तो परत येणार नाही. त्या लाकूडमातीची भरपाई कोणी करू शकत नाही. मात्र ज्या इमारतींच्या पायात आम्हांला पुरले, त्यांच्या शहरात आमची मुलगी आत शिरून पुस्तक उघडून बसेल अशी एक इमारत उभी राहू शकते. ती तशी उभी राहते की नाही, यावर लक्ष ठेवणे हे आता आपले काम आहे.