नवोदय विद्यालये : ग्रामीण गुणवंतांच्या करिअर निवडीचा आधार

नवी दिल्ली : दहावीनंतर कोणती शाखा निवडावी, याचा निर्णय ग्रामीण भागातील हुशार विद्यार्थी अनेकदा आवडीपेक्षा घराजवळचे महाविद्यालय, खर्च आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला पाहून घेतात. ही मर्यादा कमी करण्यात जवाहर नवोदय विद्यालयांचा वाटा मोठा आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना आकाराला आली. त्याआधी, १९८५-८६ मध्ये, हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक तत्त्वावर पहिली दोन विद्यालये सुरू झाली. झज्जर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. नवोदय विद्यालय समितीचे मुख्यालयही याच क्षेत्रात, नोएडा येथे आहे.

सहावीतील प्रवेश निवड परीक्षेद्वारे होतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, तर एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखीव असतात. निवास व भोजन विनामूल्य असल्याने खर्चाचा प्रश्न मागे पडतो. नववीत काही विद्यार्थी वर्षभर अन्य भाषक राज्यातील विद्यालयात शिकतात. तेथे जिल्ह्याबाहेरच्या संधींची ओळख होते.

२००७ मध्ये गुंतवणूकदार मोहनिश पाबराय यांनी स्थापन केलेली दक्षणा फाउंडेशन ही संस्था निवडक नवोदय विद्यार्थ्यांना जेईई आणि नीटची विनामूल्य तयारी करून देते. त्यामुळे अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाची वाट सुकर होते; अन्य क्षेत्रांसाठी मात्र असे पाठबळ तुलनेने कमी आहे.

एका विद्यालयात सहावीसाठी कमाल ८० जागा असतात. प्रवेश न मिळालेल्या गुणवंतांची निवड आजही गावाजवळ उपलब्ध असलेल्या शाखेवरच अवलंबून राहते.