दिवाडीचा धर्मपंडित

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस जो रस्ता समुद्राकडे जातो त्यावर मुर्धे, राई, मोर्वे अशीं गांवें एकामागून एक लागतात. राईच्या भोंवतीं मिठागरांचा सपाट प्रदेश आहे. पुढें डोंगरी, आणि शेवटीं उत्तनचा किनारा. हा मुलूख इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता, आणि डोंगरी-उत्तनकडील ख्रिस्ती वस्ती त्याच काळाची आठवण देते. या बाजूचा एखादा मुलगा आज धर्मगुरु होऊं म्हणतो, तेव्हां घरचीं माणसें सहज विचारतात, "किती वर्षें शिकावें लागेल?" तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र मिळून निदान सहा वर्षें, हें उत्तर, त्यापुढें ज्याची इच्छा व कुवत असेल त्याला डॉक्टरेटपर्यंत वाट मोकळी आहे. एके काळीं मात्र प्रश्न वर्षांचा नव्हता. या मातींतल्या मुलानें कितीहि शिकलें तरी त्याला गुरुपद द्यावयाचें कीं नाहीं, हाच प्रश्न होता. त्या प्रश्नापायीं ज्यानें आपलें उभें आयुष्य वेंचलें, त्या मातेउस द कास्त्रो याची हकीकत आज मी सांगणार आहें.

मातेउसचा जन्म इ. स. १५९४ च्या सुमारास गोव्यांतील दिवाडी बेटावर, एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबांत झाला. त्या वेळच्या गोव्यांत एक विलक्षण विसंगति नांदत होती. इंग्लंडांतून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास उतरले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ मध्यें त्यांचें मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. धर्मप्रसारासाठीं येथील भाषा हवी होती. परंतु ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेला मनुष्य आपल्या बरोबरीनें बसावा, हें मात्र पुष्कळ गोऱ्या अधिकाऱ्यांना रुचत नव्हतें.

बार्देशांतील फ्रान्सिस्कन साधूंच्या विद्यालयांत मातेउसचें शिक्षण झालें. पण गोव्याच्या तत्कालीन आर्चबिशपांनीं त्याला दीक्षा देण्याचें नाकारलें. अशा वेळीं बहुतेक लोक नशिबाला बोल लावून स्वस्थ बसतात. मातेउसनें रोमची वाट धरली. पोर्तुगीज जहाजाचा आश्रय न घेतां तो खुष्कीच्या मार्गानें, इराणांतून, मजल दरमजल करीत निघाला आणि १६२५ त रोमला पोंचला.

तेथें काळ त्याला अनुकूल होता. धर्मप्रसाराचें कार्य राजेरजवाड्यांच्या हातून काढून आपल्या हातीं घ्यावें, या हेतूनें पोपांनीं १६२२ त ‘प्रोपगांडा फिदे’ नांवाचें मंडळ स्थापिलें होतें. त्याचे चिटणीस फ्रांचेस्को इंगोली यांचें मत असें कीं, प्रत्येक देशांत त्या देशचेच धर्मगुरु तयार झाले पाहिजेत. मातेउस त्यांना ऐन वेळीं भेटला. रोममध्यें राहून त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला, डॉक्टरची पदवी मिळविली, आणि १६३० च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली.

१६३३ त तो गोव्यास परतला. रोमची पदवी जवळ, पोपांचे अधिकारपत्र जवळ; आतां कोण अडविणार? परंतु गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं तीं पत्रेंच मान्य केलीं नाहींत. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा आश्रयदातृत्वाचा हक्क होता. लिस्बनच्या संमतीवांचून आलेला रोमचा हुकूमहि त्यांच्या लेखीं निरुपयोगी होता. मातेउस पुन्हां रोमला गेला. १६३७ मध्यें त्याला बिशपपदाचा अभिषेक झाला व आदिलशाही मुलखाचा कारभार त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. तरीहि गोव्याचें दार उघडलें नाहीं. अखेर पोर्तुगीज हद्दीबाहेर, विजापूरच्या राज्यांतील डिचोली येथें त्यानें आपलें ठाणें केलें. म्हणजे ख्रिस्ती बिशपाला ख्रिस्ती राज्यांत थारा मिळाला नाहीं, तो मुसलमान सुलतानाच्या राज्यांत मिळाला!

या माणसाचें चित्र निर्दोष रंगवावें असें मला वाटत नाहीं. त्याची वाणी तिखट होती, आणि पोर्तुगीजांच्या शत्रूंशीं संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर आला. १६५३ त त्यानें जी पुस्तिका लिहिली तिचें नांवच ‘ब्राह्मणांचा आरसा’. वर्णाच्या अहंकाराविरुद्ध झगडणाऱ्या या पंडितानें हांक मारली ती आपल्याच जातीला. जें दार आपल्यासाठीं उघडावें म्हणून त्यानें धडका मारल्या, तें सर्वांसाठीं सताड उघडावें, इतकी त्याची दृष्टि पोंचली नाहीं. शेवटीं तो रोमला परतला व तेथेंच १६७७ च्या सुमारास निवर्तला.

मग त्याच्या श्रमांचें फळ काय? त्याच्याकडे सोंपविलेल्या त्या दख्खनच्या व्यवस्थेंतूनच पुढें मुंबईचा कॅथलिक धर्मप्रांत वाढला. राई-उत्तनचा भाग आज त्याच प्रांतांत मोडतो. गोव्याकडील घराण्यांत जन्मलेले, कँडी येथें डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी झालेले व्हॅलेरियन ग्रेशस १९५० त त्या प्रांताचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि १९५३ त भारताचे पहिले कार्डिनल झाले. मातेउसच्या अभिषेकापासून या दिवसापर्यंत तीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. पदवी एका जन्मांत मिळते. तिला मान मिळण्यास कधीं कधीं दहा पिढ्या लागतात.

अलीकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून ‘डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री’ ही नवी पदवी रूढ झाली आहे. अमेरिकेंत १९७० च्या सुमारास ती स्थिर झाली. आपल्याकडे सेरामपूरच्या विद्यापीठांतहि ती देतात. आधीं कांहीं वर्षें प्रत्यक्ष सेवा केलेल्या पाळकासाठींच ती आहे, आणि त्याचा प्रबंध त्याच्याच मंडळींतील प्रश्नांतून निघावा अशी अपेक्षा असते. ही अट मला फार मोलाची वाटते. आतां ‘कोणी शिकावें’ हा वाद मिटला. ‘कोणासाठीं शिकावें’ हा विचार उरला.

त्याचें उत्तर राईपासून फार दूर नाहीं. भाईंदरची खाडी ओलांडली कीं वसई. तेथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं धर्मशास्त्राची उच्च पदवी घेतली, आणि ती विद्या मराठींत आणली. ‘सुवार्ता’ मासिक चालविलें, वसईची हिरवाई राखण्यासाठीं चळवळ केली, ‘सुबोध बायबल’ लिहून २०१३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळविलें. २०२० त उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. २०२४ त ते वारले. मातेउसला आपल्या विद्येसाठीं स्वदेशांत जागा मिळाली नाहीं; दिब्रिटोंना मराठी समाजानें आपल्या व्यासपीठावर मधोमध बसविलें.

श्रोतेहो, राईच्या रस्त्यावरून जातांना एखादा मुलगा पुस्तकांची पिशवी घेऊन सेमिनरीकडे निघालेला दिसला, तर एवढें ध्यानांत ठेवावें कीं त्याची वाट आज सोपी आहे ती दिवाडीच्या एका हट्टी माणसानें ती अर्ध्या जगाला वळसा घालून आधीं चालून दाखविली म्हणून.