तपासणी आणि उपचार यांमधील अंतर: हार्लेममधील स्तनकर्करोगाचा इतिहास

न्यूयॉर्क शहरातील हार्लेम ही वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी भरून गेली आणि १८८७ साली स्थापन झालेले हार्लेम रुग्णालय हाच त्यांचा प्रमुख वैद्यकीय आधार ठरला. या सार्वजनिक रुग्णालयात १९६४ ते १९८६ या काळात आलेल्या ६०६ स्तनकर्करोग रुग्णांपैकी ९४ टक्के कृष्णवर्णीय होते, सुमारे निम्म्या रुग्णांकडे आरोग्यविमा नव्हता आणि रोग पहिल्या टप्प्यात असताना, म्हणजे गाठ लहान असून दूरवर पसरलेली नसताना, आलेल्यांचे प्रमाण केवळ ६ टक्के होते. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ३९ टक्के भरले.

याच शहरात १९६३ पासून एका विमा योजनेच्या सुमारे ६२ हजार सभासद स्त्रियांवर चाललेल्या चाचणीने, मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) आणि डॉक्टरांकडून होणारी हाताची तपासणी यांमुळे मृत्यू कमी होतात, याचा पहिला भक्कम पुरावा दिला होता. तपासणीचा लाभ ज्या स्त्रियांवर सिद्ध झाला त्या विमाधारक होत्या, हे येथे विसरता येत नाही.

पैशांच्या अडचणीला अविश्वासाची जोड होती आणि त्या अविश्वासाला आधार होता. अलाबामात १८४०च्या दशकात गुलाम स्त्रियांवर बधिरीकरणाविना शस्त्रक्रियेचे प्रयोग करणारे डॉ. जे. मॅरियन सिम्स यांचा पुतळा पूर्व हार्लेमलगत, सेंट्रल पार्कच्या कडेला, २०१८ पर्यंत उभा होता. तर टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांपासून वंचित ठेवून केवळ त्यांच्या रोगाचे निरीक्षण केले. अशा व्यवस्थेने दिलेले तपासणीचे निमंत्रण स्त्रियांनी शंकेने पाहिले असेल, तर त्याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

१९६७ साली हार्लेम रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झालेले डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी १९७९ मध्ये मोफत तपासणी केंद्र सुरू केले. परंतु संशयास्पद गाठ सापडणे आणि प्रत्यक्ष उपचार सुरू होणे यांच्यामध्ये विम्याचे अर्ज, बुडणारी मजुरी, घरची मुले आणि भीती एवढे अडथळे होते की केवळ तपासणी मोफत करून भागणार नव्हते. फ्रीमन अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे अध्यक्ष असताना, गरिबांच्या कर्करोगाविषयी १९८९ मध्ये देशभर झालेल्या सुनावण्यांतून हेच चित्र पुढे आले आणि १९९० मध्ये त्यांनी ‘रुग्ण-मार्गदर्शक’ ही योजना आरंभली. हा मार्गदर्शक डॉक्टर नसे. रुग्णाबरोबर राहून कागदपत्रे, भेटीच्या वेळा आणि वाहनाची सोय यांतील अडचणी दूर करणे, हे त्याचे काम.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने गरीब स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी कायदा केला, मात्र त्यात उपचाराच्या खर्चाची तरतूद नव्हती. या योजनेत कर्करोग आढळलेल्या स्त्रियांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, देण्याची मुभा राज्यांना २००० साली मिळाली. रोग आहे हे सांगायचे आणि उपचाराची सोय मात्र तिची तिला पाहायला लावायची, ही व्यवस्था दहा वर्षे चालली, हे त्या धोरणाचे सर्वांत मोठे अपयश मानावे लागते.

हार्लेम रुग्णालयात १९९५ ते २००० या काळात आलेल्या ३२५ रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यांतील प्रमाण ४१ टक्क्यांवर आणि पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. दरम्यान औषधोपचारही सुधारले होते, त्यामुळे सारे श्रेय मार्गदर्शकांना देता येणार नाही; तरी मोफत तपासणी आणि तिच्या पुढची सोबत यांशिवाय एवढा फरक पडला असता, असे मानणे कठीण आहे. देशपातळीवर मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांत स्तनकर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा किंचित कमी असूनही त्यांचा मृत्युदर आजही सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे.