देवनारची हद्द
देवनारच्या खाजणात मुंबईचा कचरा 1927 पासून येऊन पडू लागला. परंतु मुंबई महानगरपालिकेचा अंमल तेथवर पोहोचावयास 1950 साल उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी दप्तरांत स्वतंत्र कारभाराचा इतिहास साठविलेल्या वांद्रे, कुर्ला आदी उपनगरी नगरपालिका विधिमंडळाच्या कायद्यान्वये बृहन्मुंबईत विलीन झाल्या. 1957 साली बोरिवली-मुलुंडचा समावेशही कायद्यानेच झाला. याउलट अमेरिकेतील कित्येक राज्यांत रहिवासी मतदानाने आपल्या नगराची सनद विसर्जित करू शकतात. आमच्याकडे रयतेस हरकत नोंदविण्याची मुभा, निर्णय मात्र सरकारचा. स्त्रियांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करू देणाऱ्या महाराष्ट्राने नगराच्या अस्तित्वाविषयीही असाच कौल घ्यावा, असे मला मनापासून वाटते. 1957 साली बोरिवली-मुलुंडचा समावेशही कायद्यानेच झाला.